तारण जमिनीचा तुकडा विकताना: बँकेची संमती घ्यावी की आधी कर्ज मिटवावं?

कर्जाला तारण दिलेल्या मोठ्या प्लॉटचा एक भाग विकायचा तर मार्ग दोनच. बँकेकडून तेवढ्या भागाची तारणमुक्ती घ्यायची, किंवा खरेदीदाराच्या पैशातून कर्ज पूर्ण मिटवून विकायचं. आकडेमोडीत पहिला मार्ग बरा दिसतो. जुना व्याजदर टिकतो, नव्या कर्जाची प्रोसेसिंग फी वाचते.

पण संमती हा हक्क नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 तारणाला अखंड मानतो. काही रक्कम भरली म्हणून त्या प्रमाणात जमीन सुटत नाही. उरलेल्या भागाचं मूल्यांकन बँक नव्याने करून घेते, आणि मूल्यांकनकार किमतीपेक्षा आधी रस्ता बघतो. मागच्या भागाला पोहोचवाट उरते का? घराचा नकाशा पूर्ण प्लॉटवर मंजूर असेल तर चटई क्षेत्र (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) आणि सामासिक अंतरं (बांधकामाभोवती सोडायची मोकळी जागा) लहान प्लॉटवर बसतात का? नसतील बसत, तर अर्ज तिथेच थांबतो. म्हणून आधी विभाजनाचा नकाशा मंजूर करून घ्या, मग भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी, आणि त्यानंतरच बँकेचा उंबरठा. (शेतजमीन असेल तर तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यावरची बंदी, सगळ्यात आधी तपासा.)

पत्राचे शब्दही जपावे लागतात. ‘विक्रीस हरकत नाही’ एवढ्याने भागत नाही. पोटहिस्सा, क्षेत्र आणि चतुःसीमा देऊन ‘या भागावरील तारणहक्क सोडला’ असं स्पष्ट हवं, नाहीतर सातबारा वेगळा झाला तरी इतर हक्कातला बोजा दोन्ही उताऱ्यांवर राहू शकतो. गहाणखत नोंदणीकृत असेल तर मुक्तिपत्रही नोंदवा.

हे सगळं जमलं, तरी एक काटा उरतो, आणि माझ्या लेखी पारडं त्यानेच फिरलं: मूळ खरेदीखत. अख्ख्या जमिनीचं ते एकच आणि ते बँकेच्या तिजोरीत. भाग सुटला तरी कागद सुटत नाही. कर्ज काढून घेणाऱ्या खरेदीदाराची बँक मूळ कागद तपासल्याशिवाय पुढे सरकायला बहुधा तयार नसते. आपली बँक प्रमाणित प्रत देते, तीही सवडीने. विक्रेता काही जमीन स्वतःकडे ठेवत असेल तर मूळ दस्तही त्याच्याकडे राहावेत आणि लागतील तेव्हा त्याने दाखवावेत, अशी कायद्याची सोय आहे. पण जो कागद आपल्या हातातच नाही तो दाखवण्याची हमी देणार कशी? मग रोखीने घेणारेच उरतात, आणि अडचण ओळखून ते भाव पाडतात.

कर्ज पूर्ण मिटवण्यात ही कटकट नाही. बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज मिटवायला लागणाऱ्या रकमेचा हिशेब) आणि जमा कागदपत्रांची यादी घ्यायची, नोंदणीकृत साठेखत (पुढच्या विक्रीचा करार) करायचं आणि खरेदीदाराची रक्कम थेट कर्जखात्यात वळवायची. स्टेटमेंटवरची मुदत आणि रोजचं व्याज बघून ठेवा. दोन दिवस उशीर झाला की थोडी बाकी राहते आणि खातं बंद होत नाही. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, 1 डिसेंबर 2023 पासून, वैयक्तिक कर्ज (यात गृहकर्जही आलं) पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाल्यास रोज 5,000 रुपये भरपाई. अंशतः तारणमुक्तीला असं घड्याळ लावलेलं नाही, हा फरक मला तरी छोटा वाटत नाही. पुढे सेरसायवरची (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद हटली का ते पाहावं आणि बँकेचं पत्र देऊन फेरफाराने बोजा कमी करून घ्यावा.

अर्थात विक्रीच्या पैशात कर्ज फिटत नसेल आणि वरची रक्कमही उभी राहत नसेल, तर संमतीचाच मार्ग उरतो. मग निदान प्रमाणित प्रत किती दिवसांत देणार आणि खरेदीदाराच्या वकिलाला शाखेत मूळ दस्त दाखवणार का, ही दोन उत्तरं इसार घेण्याआधी बँकेकडून लेखी घ्या.