हापशाची साखळी: आठ महिन्यांचा अनुभव

अंबड तालुक्यात आमचं शेत. मोटर विहिरीवर आहे, पण लाइटची पाळी रात्रीची. दिवसा बैलं, शेळ्या आणि माणसांना पाणी लागतंच. म्हणून पाणी कमी म्हणून पडून असलेल्या जुन्या बोअरवर नोव्हेंबरात मार्क-२ हापसा बसवला. गावात थोडी थट्टा झाली. या हापशाची मुळं आमच्याच भागातली, हे थट्टा करणाऱ्यांना माहीत नसतं. आधी 'जालना पंप', मग सोलापूरचा, आणि त्यावरून १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क-२ आला.

पहिला महिना मात्र डोकेदुखीचा. दांडा दाबला की पाणी यायचं, वर सोडला की हापशाच्या डोक्यात खडक-खडक. झाकण काढून पाहिलं तर साखळी दुमडून सैल पडत होती आणि पुढच्या दाबाला झटक्यानं ताणत होती. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, साखळी बदला." बदलली. पैसे गेले, खडखड तशीच.

मग स्वतःच बसून बघितलं. दांडा गोल फिरतो, पण साखळीला लटकलेला, बोअरात खालच्या पिस्टनपर्यंत जाणारा रॉड सरळ वर-खाली जायला हवा. त्यासाठी दांड्याच्या आतल्या टोकाला कमानदार तुकडा असतो आणि साखळी त्या कमानीवर बसते-उठते. त्यामुळं ती कायम एकाच उभ्या रेषेत लोंबते आणि रॉड बाजूला ओढला जात नाही. जुन्या बिडाच्या हापशात दांडा रॉडला थेट पिननं जोडलेला असायचा, दर दाबाला रॉड तिरका व्हायचा. ही कमान मला आजही बघत बसावीशी वाटते.

पण साखळी ओढते, ढकलत नाही. रॉड खाली जातो तो फक्त स्वतःच्या वजनानं. आमचा सिलिंडर, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ते खालचं नळकांडं, १५ मीटरवर. १२ मिलिमीटरचा ३ मीटर रॉड भरतो साधारण २.७ किलो, पाच रॉडचे जेमतेम १३ किलो. पिस्टनचे नवे वायसर घट्ट, त्यांना खाली न्यायला एवढं वजन पुरत नव्हतं. बोअर खोल होता, म्हणून आणखी पाच रॉड आणि पाइप जोडून सिलिंडर ३० मीटरवर नेला. आवाज त्याच दिवशी बंद.

माय म्हणाली, "आता जड झाला असंल बघ." झाला नाही. जोर किती लागतो ते पाण्याच्या पातळीवर ठरतं. वाढलेल्या रॉडचं ओझं दांड्याच्या स्वतःच्या वजनानं बरंचसं तोललं जातं. हिवाळ्यात पाणी १२ मीटरवर होतं, तेव्हा सिलिंडरवर ३८ किलोचा भार. दांडा आठपट जोर देतो, म्हणजे हाताला पाचेक किलो. मे महिन्यात पाणी २७ मीटरवर गेलं आणि हाताला अकरा किलो लागू लागले. तेव्हा मायला हापसता येईना, ती घागर ठेवून नातवाला हाक मारायची.

एका दाबाला जवळपास ४०० मिलिलिटर, पंधरा लिटरची बादली चाळीस दाबांत. हे आठ महिन्यांत बदललं नाही. साखळीला महिन्यातून एकदा ग्रीस लावतो, तेवढंच.

एक तक्रार राहतेच. वायसर बदलायचे तर सगळे पाइप वर काढावे लागतात, तिकाटणं आणि चार गडी लागतात. मार्क-३ मध्ये पिस्टन पाइपातूनच वर येतो. हा त्रास नको असेल तर तोच घ्या. पाणी फार वर असेल तर साखळीऐवजी सरळ पट्टीची जोडणी आधीच मागा, मिस्त्री स्वतःहून सांगणार नाही.