कोरडी ढास: मध, काडी की सिरप?

गळीत हंगाम सुरू झाला की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडायला लागते, आणि आमच्या घरात कुणाला तरी ढास लागते. सर्दी चार दिवसांत जाते, ढास मागं राहते. कफ काही पडत नाही. घशात मुंगी चालल्यासारखी नुसती खवखव, आणि रात्री पाठ टेकली की उबळ. यंदा पाळी माझी होती, चांगली तीन आठवडे.

सर्दीनंतरची अशी ढास तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकते. विषाणू गेलेला असतो, पण घसा आणि श्वासनलिका हळवी होऊन बसलेली असते. मग पाचटाचा धूर, शेजारच्या फोडणीचा खाट, पहाटे रंकाळ्यावरची गार हवा, काहीही पुरतं. म्हणजे बाटली कुठलीही आणा, ती फार तर उबळ थोपवते. ढास आपल्या वेळेनंच जाते. हे डोक्यात ठेवून निवड करा.

खरी स्पर्धा मध आणि सिरप यांच्यात आहे. माझं मत मधाच्या बाजूनं. झोपताना एक-दोन चमचे मध तसाच चाटायचा, वर लगेच पाणी प्यायचं नाही. घशाला लेप बसतो आणि झोप लागेपर्यंतचा वेळ निघून जातो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनंही २०१९ च्या सूचनांत खोकल्यासाठी मध सुचवलाय, पुरावा मर्यादित आहे हे मोकळेपणानं सांगून. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. त्यातून बॉट्युलिझमसारखी विषबाधा होऊ शकते. साखर असलेल्यांनी चमचे मोजावेत. आपल्याकडं मधाच्या जागी सुंठ-गुळाची गोळी देतात. गूळ ठीक, पण सुंठीनं माझा तरी ठसका वाढला.

सिरपचा फायदा रात्रीचा. कोरड्या खोकल्याच्या बाटलीत बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन असतं. ते मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रालाच गप्प करतं. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नसेल तर मोठ्या माणसानं घ्यायला हरकत नाही. गुंगी येते, त्यामुळं घेऊन गाडी चालवू नका. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, त्यातल्या काही गोळ्यांशी याचं जमत नाही.

मी घोळ केला तो वेगळाच. मेडिकलमध्ये जाऊन नुसतं “खोकल्याचं द्या” म्हणालो. मिळालं ते अँब्रॉक्सॉलचं, म्हणजे कफ पातळ करणारं. कफच नाही तर पातळ काय करणार? पाच दिवस इमानदारीनं प्यायलो आणि मग बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ही नावं दिसली तर ती ओल्या खोकल्याची बाटली. काउंटरवर “कोरडा आहे” हे आधी सांगा.

लहान मुलांसाठी तर सिरपचा विचारच मनानं करू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपनं मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन बळी गेले. त्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली खोकल्याचं औषध नाही, पाचखाली शक्यतो नाही.

दिवसासाठी माझी पसंती ज्येष्ठमधाला. काष्ठौषधीच्या दुकानात बोटाएवढी काडी मिळते. दाढेखाली धरून चेचली की आतले पिवळे तंतू सुटतात. आधी लाकूड चावल्यासारखं वाटतं, मग गोडवा येतो आणि तो जिभेच्या मुळाशी बराच वेळ बसून राहतो. तोंडाला पाणी सुटतं, आपण गिळत राहतो, आणि गिळता गिळता उबळ मोडते. गाणारी मंडळी ही काडी खिशात बाळगतात, ती उगीच नाही. खडीसाखर किंवा मेंथॉलची गोळी हेच काम करते, पण लवकर विरघळून जाते. काडी दुपारपर्यंत पुरते.

मिठाच्या गुळण्या फुकट आहेत, करा. आराम अर्ध्या तासाचा. हळद-दुधानं बरं वाटतं, हळदीनं की उबेनं या वादात मी पडत नाही. वाफेच्या वाटेला कोरड्या ढाशीत गेलो नाही. नाक चोंदलं असेल तर ठीक, पण उकळत्या पातेल्यावर वाकून भाजून घेणारे कमी नाहीत.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर दोष औषधाचा नसतो, कारणच दुसरं असतं. रात्री दहाला तांबडा रस्सा ओरपून साडेदहाला आडवं होणाऱ्याची ढास पोटातून वर येते. त्याला मधापेक्षा जेवणानंतर तीन तास जागं राहणं उपयोगी. पहाटे किंवा पळताना खोकला येत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल तर दम्याची तपासणी करा. दोन आठवडे उलटले तर थुंकीची टीबी तपासणी करून घ्या, कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. माझी झाली, काही निघालं नाही. रक्त पडलं, धाप लागली, ताप हटेना किंवा वजन उतरायला लागलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

आमच्या काकांची ढास चार महिने चालली होती. मध झाला, अडुळसा झाला, ज्येष्ठमधाची काडी तर सदऱ्याच्या खिशात कायमची. शेवटी डॉक्टरांनी नुसतं विचारलं, “बीपीची गोळी कुठली?” रॅमिप्रिल. ‘प्रिल’नं संपणाऱ्या या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो, कधी सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनी. मनानं बंद करायच्या नसतात. डॉक्टर बदलून देतात. काकांना टेल्मिसार्टन दिली आणि तीन आठवड्यांत ढास थांबली.

डॉक्टरांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली. ज्येष्ठमध रोज पोटात गेला तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. म्हणजे गोळीनं लागलेल्या ढाशीवर काका जी काडी चघळत होते, ती त्या गोळीच्याच विरोधात काम करत होती. काकूंनी त्याच दिवशी त्यांचा खिसा रिकामा केला. त्यातल्या दोन काड्या यंदा माझ्या कामी आल्या.