रोलंड जेसी-१२०: ट्यूबवाल्यांना न पटणारा रिव्ह्यू

ट्यूब ॲम्प (काचेच्या ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) तोच खरा ॲम्प, बाकी सगळी खेळणी, हे वाक्य प्रत्येक जॅमरूममध्ये कोणीतरी म्हणतंच आणि मला ते अजिबात पटत नाही. रोलंडचा जेसी-१२०, म्हणजे जॅझ कोरस, १९७५ साली आला, आतून पूर्ण ट्रान्झिस्टरचा आहे, आणि आपल्याकडे स्टेजवर वाजवणाऱ्या माणसासाठी याच्याइतका चांगला गिटार ॲम्प दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे. मोठ्या नावाचे ब्रिटिश, अमेरिकन ट्यूब ॲम्प धरून बोलतोय.

ज्यांनी वाजवला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रुंद काळा खोका, खाली चाकं, समोर दोन १२ इंची स्पीकर आणि प्रत्येक स्पीकरला स्वतःचा वेगळा ६० वॉटचा पॉवर ॲम्प, म्हणून १२०. दोन चॅनल, पहिला एकदम साधा, व्हॉल्यूम आणि ट्रेबल-मिडल-बास, दुसऱ्यावर त्याशिवाय डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारं), स्प्रिंगवाला रिव्हर्ब (आवाज घुमवणारा) आणि कोरस-व्हायब्रेटो (कोरस म्हणजे एक गिटार दोन असल्यासारखी, व्हायब्रेटो म्हणजे थरथरणारा सूर). दोन्ही चॅनलवर आवाज चमकदार करणारा ब्राइट स्विच. मास्टर व्हॉल्यूम नाही, प्रीसेट नाही, स्क्रीन नाही, ॲप नाही. समोरून बघितलं की कुठलं बटण काय करतं ते लगेच कळतं, आणि हे मला फार आवडतं, कारण गाण्याच्या मधे मेनूत शिरून काहीतरी शोधायला वेळ कोणाकडे असतो.

आता कोरस. बाजारात कोरस पेडल, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मधे लावायच्या, पायाने चालू करायच्या डब्या, ढिगाने मिळतात, पण यातला कोरस वेगळा आहे आणि त्याचं कारण त्या दोन पॉवर ॲम्पमध्ये आहे. एका स्पीकरमधून गिटारचा आवाज आहे तसा कोरा बाहेर पडतो, दुसऱ्यामधून तोच आवाज किंचित उशिरा आणि सूर बारीकसा वरखाली होत बाहेर पडतो, आणि हे दोन आवाज तारेत किंवा सर्किटमध्ये कुठेच मिसळत नाहीत, ते मिसळतात खोलीतल्या हवेत. त्यामुळे ॲम्पच्या समोर उभं राहिलं की आवाज आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो, आणि एका स्पीकरच्या ॲम्पमधून पेडल लावून ते कधीच येत नाही. हेच सर्किट रोलंडने १९७६ मध्ये वेगळं काढून सीई-१ नावाचं पेडल केलं आणि रोलंडच्याच बॉस या ब्रँडच्या पेडलांची सुरुवात तिथून झाली, म्हणजे आज ज्या रंगीबेरंगी डब्या प्रत्येकाच्या पेडलबोर्डवर दिसतात त्यांचा पूर्वज या खोक्यात बसलाय. एक गोष्ट लक्षात घ्या, स्विच कोरसवर असताना स्पीड आणि डेप्थची बटणं चालत नाहीत, ती फक्त व्हायब्रेटोसाठी. नवीन माणूस ती फिरवत बसतो आणि ॲम्प बिघडलाय असं समजतो, बिघडलेला नसतो.

आणि यावरूनच साउंडवाल्यांना कळकळीची विनंती, या ॲम्पला दोन माइक लावा. एकाच स्पीकरसमोर एक माइक लावला तर लोकांना एकतर नुसती कोरी गिटार ऐकू येते किंवा नुसती थरथरणारी, आणि मग स्टेजवर जे इतकं सुंदर ऐकू येतंय ते मैदानात पोचतच नाही. दोन माइक, मिक्सरवर एक डावीकडे एक उजवीकडे, एवढंच करायचंय. चॅनल कमी असतील तर कोरस बंद ठेवून एका माइकवर वाजवा, तेही चालेल, कारण इफेक्ट बंद असला की दोन्ही स्पीकर सारखंच वाजतात.

पण मी या ॲम्पवर इतका जीव टाकतो ते कोरसमुळे नाही, कोऱ्या आवाजामुळे. व्हॉल्यूम कितीही चढवा, ड्रमरच्या वर जा, आवाज फाटत नाही. ट्यूब ॲम्प चढवला की हळूहळू दाबला जातो, नोट मऊ होते, कमी जोरात वाजवलेली आणि जास्त जोरात वाजवलेली जवळ येतात, आणि बोटांना ते छान वाटतं हे मी मान्य करतो, ब्लूज वाजवणाऱ्याला त्याची ओढ का असते ते कळतं. जेसी तसं काही करत नाही. पिक नीट लागला नाही तर तसंच ऐकू येणार, कॉर्डमधली एक तार दबली नाही तर तीच ऐकू येणार, सोडलेल्या तारा डाव्या हाताने बंद केल्या नाहीत तर त्याही ऐकू येणार. पण नीट वाजवलेली मींड, तार ओढून हळू सुरावर आणलेली नोट, तिच्या वाटेतली प्रत्येक जागा स्वच्छ ऐकू येते, आणि हिंदी-मराठी गाण्यांचे लीड वाजवणाऱ्यांना याहून अजून काय पाहिजे. शिकणाऱ्याने छोट्या ट्यूब ॲम्पच्या मागे लागण्याऐवजी असा कोरा ॲम्प घ्यावा असं मला म्हणूनच वाटतं, गेनच्या, म्हणजे फाटलेल्या आवाजाच्या, आड हात सुधारत नाही.

लोक म्हणतात ट्रान्झिस्टरमध्ये जीव नाही. मग ब्लूजवाल्या बी. बी. किंगनी लॅब सिरीजच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर वर्षानुवर्षं जे वाजवलं त्यात जीव नव्हता का? मेटल वाजवणाऱ्या डायमबॅग डॅरेलचा तो कापत जाणारा आवाज रँडलच्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा. जेसीचंच बघायचं तर द क्युअरचा रॉबर्ट स्मिथ, द स्मिथ्सचा जॉनी मार, आणि मेटालिकाचे क्लीन, म्हणजे कोऱ्या आवाजाचे, पार्ट, जेम्स हेटफिल्डने जेसी-१२० वर वाजवलेले. एवढ्या वेगवेगळ्या जातीचे वादक एकाच खोक्याकडे येतात ते उगाच नाही.

आता तक्रारी, कारण आहेत. डिस्टॉर्शनचं बटण वाईट आहे, इथे माझं मत बाकी सगळ्यांसारखंच, ते शून्यावर ठेवा आणि विसरून जा. कोरस चालू केला, ब्राइट चालू केला की सूंऽऽ असा हिस येतो, बँडमध्ये कळत नाही पण घरी रेकॉर्डिंग करताना त्रास देतो. वजन २८ किलो, चाकं आहेत म्हणून सपाट जागेवर ठीक, जिना आला की दोन माणसं लागतात. व्हॉल्यूम पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच एकदम चढतो त्यामुळे फ्लॅटमध्ये रात्री वाजवायला हा ॲम्प नाहीच. आणि आवाज मुळात चमकदार आहे, सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे मुळातच चमकदार आवाजाची, गिटार असेल तर ट्रेबल अर्ध्याच्या खाली, मिडल पूर्ण वर आणि ब्राइट बंद, मी तरी इथूनच सुरुवात करतो.

डिस्टॉर्शन पेडलमधूनच घ्यायचं आणि इथे लोक गोंधळतात. ट्यूब ॲम्पवर ट्यूबस्क्रीमरसारखं आवाज फाडणारं पेडल लावताना गेन कमी आणि लेव्हल जास्त ठेवतात, कारण पेडलने ॲम्पला ढकलायचं आणि फाटायचं काम ॲम्पने करायचं. जेसीला ढकलून काही उपयोग नाही, तो फाटणारच नाही, फक्त आवाज मोठा होईल. त्यामुळे उलटं करायचं, गेन पेडलवरच हवा तेवढा चढवायचा आणि लेव्हल क्लीनच्या बरोबरीला आणायची. रॅट नावाचं पेडल मस्त वाजतं, त्याचं फिल्टर बटण जेसीची टोचणारी ट्रेबल कापतं. ट्यूबस्क्रीमर किंवा बॉसचा एसडी-१ पण चांगला, त्यांच्यात मिड, म्हणजे मधले सूर, फुगलेले असतात आणि जेसीला नेमके तेच हवे असतात. फझ (आवाज अगदी खरखरीत फाडणारं पेडल) मात्र घेण्याआधी याच ॲम्पवर लावून बघा, बरेच फझ यावर माशी घोंगावल्यासारखे वाजतात.

वॉटबद्दलही बोलतोच, कारण ५० घेऊ का १०० हा प्रश्न मला सारखा येतो. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे कानाला जरासाच फरक. १९६५ च्या सुमारास मार्शलने १०० वॉटचे ॲम्प काढले तेव्हा द हूसारख्या बँडना हॉल भरायला दुसरा मार्गच नव्हता, पीएवर, म्हणजे हॉलच्या स्पीकरवर, फक्त गाणारे असायचे आणि गिटार ॲम्पलाच शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं लागायचं. आज ॲम्पलाही माइक लागतो. १०० वॉटचा ट्यूब ॲम्प ज्या आवाजावर खरा खुलतो त्या आवाजावर गणपतीच्या स्टेजवर गाणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकू येणार नाही, आणि कमी आवाजावर ठेवला तर मग त्या ट्यूबचा फायदा काय? जेसीला वॉट लागतात ते कोरं राहायला, तिथे त्यांचा उपयोग आहे.

आणि मग आपल्याकडची परिस्थिती. जनरेटरची वीज, वरखाली होणारा व्होल्टेज, टेम्पोत ढोलाशेजारी ठेवलेला ॲम्प, खड्डे, पावसाळा. ट्यूब म्हणजे काच, ती झिजते, पॉवर ट्यूब बदलल्या की बऱ्याच ॲम्पमध्ये बायस, म्हणजे ट्यूबमधला करंट, जुळवून घ्यावा लागतो, आणि ते नीट करणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही. ट्यूब बाहेरून मागवायच्या, एक गेली की जोडी बदलायची. जेसीमध्ये ट्यूबसारखं झिजून बदलत राहायचं असं काही नाही, चालू केला की लगेच आवाज, तापायची वाट बघायला नको. जे काही बिघडतं, खरखरणारे पॉट (फिरवायची बटणं), ढिले जॅक, ते सोल्डरिंग चांगलं असणारा रेडिओ-टीव्हीचा जुना कारागीर सुद्धा करून देतो. महिन्याला बरेच कार्यक्रम करणाऱ्याने सूर कितीही गोड असला तरी आधी हे बघावं.

केबलचंही सांगतो, इथे शिव्या खाईन. हजारोंची सोन्याच्या टोकाची केबल जेसीला नको. साध्या पॅसिव्ह गिटारला केबल जितकी लांब तितकी ट्रेबल थोडी कापली जाते, आणि या ॲम्पला ते मानवतं. चांगले जॅक, मजबूत शिल्ड, साधारण ६ मीटर, बास. वाचलेले पैसे गिटारच्या सेटअपवर घाला. लाकडाचं पण तेच, इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड कुठलं यावर लोक रात्र रात्र भांडतात, पण पिकअप आणि स्पीकर बदलल्यावर जेवढा फरक पडतो त्याच्यापुढे लाकडाचा फरक मला तरी नगण्य वाटतो.

किंमत, नवा घ्यायचा तर लाखाच्या पुढेच जातो. म्हणून जुना बघा, पण घेताना दोन्ही स्पीकर वाजतायत का ते कोरस बंद ठेवून एकेकाजवळ कान नेऊन ऐका, मग कोरस लावून एक कोरा आणि एक हलता येतोय का बघा, रिव्हर्ब वाढवून खोक्यावर हलकं थोपटा, स्प्रिंगचा खळखळाट आला पाहिजे, आणि मागे व्होल्टेज वाचा, जपानमधून आलेला पीस १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर थेट लावलात तर तिथेच संपला, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. घरासाठी हवा असेल तर जेसी-२२ बघा, ३० वॉट, साडेसहा इंची दोन स्पीकर. छोटे कॅफे शो करत असाल तर जेसी-४०, दोन १० इंची, त्यात स्टीरिओ इनपुट आहे आणि कोरसचा स्पीड-डेप्थ पण बदलता येतो. पण जमलं तर मोठाच घ्या, १२ इंचीचा बास छोट्या स्पीकरमधून येत नाही.