कोमेरी: गावाकडच्या जपानचं खरं दुकान

जपानमधल्या दुकानांबद्दल आपली मंडळी लिहितात तेव्हा तेच ते, डॉन किहोते, युनिक्लो, शंभर येनची दुकानं, फार तर इकिया. पण टोक्यो सोडून गाडीनं निगाता, यामागाता किंवा नागानोच्या भातशेतांच्या भागात शिरलात की कुठल्या तरी तिठ्यावर लाल पाटीवरचा कोंबडा दिसतोच, तो कोमेरीचा, म्हणजे घरदुरुस्ती आणि शेती-बागकामाचं सामान विकणाऱ्या दुकानांच्या चेनचा. मी निगातामध्ये राहते, आमच्या भाड्याच्या जुन्या लाकडी घराला मागे छोटी परसबाग आहे आणि हिवाळ्यात छपरावर बर्फ साचतो, त्यामुळे या दुकानात माझं जाणं सारखं असतं आणि आता मला ते इतकं आवडतं की नीट लिहावंसंच वाटलं.

आधी हे दुकान आलं कुठून ते सांगते, कारण ते कळलं की आत गेल्यावर सगळं सामान असं का मांडलंय ते आपोआप कळतं. १९५२ साली निगातामधल्याच सान्जो गावात तांदळाचं दुकान म्हणून हे सुरू झालं. तांदूळ घेणारं घर आणि पिकवणारं घर, दोघांनाही इंधन लागतं म्हणून मग इंधन आलं, १९६२ मध्ये रीतसर कंपनी झाली, १९७७ मध्ये पहिलं होम सेंटर, म्हणजे लाकूड, खिळे, नळाचं सामान, रंग असं सगळं एका छपराखाली. आणि खरी उडी १९८३ ची, तेव्हा त्यांनी 'हार्ड अँड ग्रीन' नावाचं छोटं दुकान काढलं, साधारण हजार चौरस मीटरचं, अर्धं हार्डवेअर आणि अर्धं शेती-बागकाम. बाकीचे सगळे मोठ्या शहरांच्या कडेला अवाढव्य दुकानं बांधत होते आणि हे लोक जिथे वस्ती विरळ, म्हातारी माणसं जास्त, बस दिवसातून मोजून येते अशा गावात छोटी दुकानं टाकत गेले. आज देशभरात बाराशेच्या आसपास दुकानं आहेत, नुसती संख्या बघितली तर जपानमधल्या होम सेंटरांत हेच पहिले.

सान्जो हे साधं गाव नाही हेही लक्षात घ्या. शेजारचं त्सुबामे काटे-चमचे आणि भांड्यांसाठी प्रसिद्ध, सान्जो कात्र्या, विळे, सुऱ्या, हातोड्यांसाठी. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तिथल्या नदीला सारखा पूर यायचा, शेती बुडायची, म्हणून शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून खिळे घडवायला शिकवलं गेलं, आणि तिथून लोहारकाम आणि मागोमाग लोखंडी सामानाचे घाऊक व्यापारी तयार झाले असं तिकडे सांगतात. त्यामुळे तांदळाच्या दुकानदारानं हत्यारं विकायला घेतली यात तिकडच्या माणसाला काही नवल वाटत नाही, माल दारातच होता.

आता दुकानाबद्दल. छोट्या कोमेरीत शिरायच्या आधी बाहेरच बघा, अर्धं दुकान बाहेरच असतं. खताची २० किलोची पोती, माती, प्लास्टिकची पन्हाळी, काँक्रीटचे ठोकळे, रोपं. एप्रिलमध्ये भाताची रोपं करायचे काळे ट्रे उंचच उंच रचलेले असतात, मे मध्ये लावणी आटपली की टोमॅटो-वांग्याची रोपं आणि त्यांना आधाराच्या काठ्या, जूनमध्ये गवत कापायची यंत्रं आणि त्याची पाती, सप्टेंबरमध्ये ३० किलो तांदूळ भरायच्या जाड कागदी पिशव्या, ऑक्टोबर संपता संपता काथ्याची दोरी आणि फळ्या, कारण झाडं आणि खिडक्या बर्फासाठी बांधून घ्यायच्या असतात. दुकानाच्या दर्शनी भागावरून कुठला महिना चालू आहे ते सांगता येतं. मला हे फार भावतं, कारण शहरातल्या दुकानात ऋतू म्हणजे नुसती सजावट असते, इथे ऋतू म्हणजे माणसाला उद्या सकाळी लागणारी वस्तू.

बऱ्याच शाखांच्या पार्किंगमध्ये एक छोटी टपरी दिसेल, ते नाणं टाकून तांदूळ सडायचं यंत्र. घरचा किंवा शेजाऱ्यानं दिलेला ब्राऊन राइस घेऊन जायचं, ओतायचं, किती पांढरा हवा ते बटण दाबायचं, साधारण १०० येनला १० किलो होतो. कोंडा बऱ्याच ठिकाणी फुकट नेता येतो, लोक लोणच्याला नेतात, मी बागेच्या मातीत घालते. निगातामध्ये राहून कोशिहिकारी तांदूळ सडल्या सडल्या शिजवून नाही खाल्ला तर काय उपयोग, एकदा खाऊन बघाच.

लाकडाबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडून आलेल्या माणसाला इथे गोंधळ होतो. प्लायवूडचा पत्रा ९१० बाय १८२० मिलिमीटर असतो, हा आकडा विचित्र वाटतो पण जपानी घरं अजून शाकू नावाच्या जुन्या मापावर बांधलेली आहेत, एक शाकू म्हणजे साधारण ३०.३ सेंटीमीटर, तर हा पत्रा ३ बाय ६ शाकूचा. खोल्या, दारं, कपाटं सगळं त्याच हिशोबात असल्यामुळे पत्रा घरात ठेवला की बरोब्बर बसतो, फार कापावं लागत नाही. पण बाजूलाच अमेरिकन मापाचं टू-बाय-फोर लाकूड ठेवलेलं असतं आणि ते इंचाच्या हिशोबाचं, दोन्ही एकत्र करून कपाट बनवायला गेलात तर कुठेतरी फट राहणार म्हणजे राहणार. एक काहीतरी ठरवा आणि त्यावरच राहा. कापून हवं असेल तर मोठ्या शाखांत थोडे पैसे घेऊन सरळ रेषेत कापून देतात, माप मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून न्या म्हणजे भाषा कच्ची असली तरी काम होतं.

बांधकामाचं सामान मनापासून बघायचं असेल तर मात्र छोटं दुकान सोडा आणि 'कोमेरी पॉवर' गाठा. तिथे बांधकाम साहित्याचा वेगळा हॉल असतो, तो मुख्य दुकानाच्या आधी उघडतो कारण सुतार, गवंडी, प्लंबर कामावर जाता जाता सामान उचलतात. सिमेंट, सळ्या, ड्रेनेजचे पाइप, छपराचे पत्रे, इन्सुलेशन, मचाणाचं सामान, सगळं. कारागिरांसाठी 'प्रो' म्हणून तर वेगळी दुकानंच आहेत. मला तिथे सकाळी जायला आवडतं, लोक कमी बोलतात, हातात सामानाची यादी, दोन मिनिटांत ट्रक भरून जातात, आणि नेमकं काय घ्यावं ते त्यांच्या गाडीत काय चाललंय ते बघूनही शिकता येतं.

या कंपनीनं पाय पसरले ते कुठे पसरले हे बघण्यासारखं आहे. याच सान्जोतून निघालेली दुसरी कंपनी आर्कलँड्स, त्यांचं मुसाशी नावाचं होम सेंटर इतकं प्रचंड की आत रस्ता चुकावा, त्यांनी हॉटेलात उडी घेतली, कात्सुया ही तळलेल्या डुकराच्या कटलेटची चेन त्यांच्याच ग्रुपची, पुढे २०२० मध्ये लिक्सिल व्हिवा ही होम सेंटरची कंपनीही घेतली. तो एक मार्ग झाला आणि चांगला चालला. कोमेरी मात्र त्याच गिऱ्हाइकाच्या आजूबाजूला फिरत राहिली: घराला इंधन लागतं तर इंधन, संडास-बाथरूम जुनं झालं तर रिफॉर्म म्हणजे ते नव्यानं करून देणं, माल वेळेवर पोचवायला स्वतःचीच लॉजिस्टिक्स कंपनी, कारण खेड्यातल्या हजारभर छोट्या दुकानांना थोडा थोडा माल रोज पोचवणं हेच या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, तेच जमलं नसतं तर ही दुकानं कधीच बंद पडली असती.

आणि उधारी. शेतकऱ्यांसाठी त्यांचं अॅग्री कार्ड आहे, त्यावर वसंतात खत-बी-औषध घ्या आणि पैसे कापणी झाल्यावर द्या. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात वहीवर जे चालतं तेच, फक्त कार्डावर. जपानमध्ये हे काम वर्षानुवर्षं शेतकी सहकारी संस्था म्हणजे जेए करत आली, शेतकऱ्याचं खातं तिथेच, खत तिथलंच, तांदूळ विकणंही तिथेच. अशा ठिकाणी बाहेरच्या दुकानाला घुसायचं तर नुसतं स्वस्त देऊन भागत नाही, शेतकऱ्याच्या हातात पैसा वर्षातून एकदाच येतो हे ओळखून दुकान चालवावं लागतं. मला वाटतं ही कंपनी टिकली ती या एका गोष्टीमुळे, बाकी सगळं यातूनच आलं.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून मुद्दाम लिहिते. २००४ हे निगातासाठी फार वाईट वर्ष होतं, जुलैमध्ये अतिवृष्टीनं नदीचा बांध फुटून सान्जोत पूर आला आणि २३ ऑक्टोबरला चुएत्सु म्हणजे निगाताच्या मधल्या भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर २००५ मध्ये कोमेरीनं आपत्तीसाठी वेगळी ना-नफा संस्था काढली, ती ठिकठिकाणच्या नगरपालिकांशी आधीच करार करून ठेवते की संकट आलं की ताडपत्र्या, वाळूच्या पिशव्या, पाणी ठेवायचे डबे, फावडी असं काय लागेल ते पोचवायचं. आज असे शेकडो करार आहेत. गावागावात दुकान असण्याचा अर्थ अशा वेळी कळतो, कारण सामान आधीच तिथे पोचलेलं असतं.

आता कमी काय ते. छोट्या शाखेत निवड मर्यादितच असते, एका प्रकारचे दोन नाहीतर तीन ब्रँड, रंगांच्या शेड कमी, लाकूड तर अगदी नेहमीच्या मापाचंच. वेबसाइटवरून मागवून शाखेत घेता येतं पण आजच्या आज हवं असेल तर त्याचा उपयोग नाही. पाट्या, माहिती, खताच्या पोत्यावरच्या सूचना सगळं जपानीत, फोनवरचं भाषांतर लागतंच, आणि फवारणीच्या औषधाच्या बाबतीत तर अंदाजानं घेऊच नका, काउंटरवर विचारा. सजावटीच्या वस्तू, सुंदर दिवे, पडदे असलं काही हवं असेल तर कोमेरी तुमच्यासाठी नाही, तिथला माल दणकट असतो पण देखणा असेलच असं नाही. आणि गाडी नसेल तर जाणंच अवघड. मोठं सामान घेतलं तर छोटा ट्रक थोड्या वेळासाठी वापरायला देणाऱ्या शाखा आहेत, पण त्यासाठी जपानमध्ये चालणारं लायसन्स लागणार.

किंमती? खत, माती, दोऱ्या, हातमोजे, ताडपत्री स्वस्त. बॅटरीवरची हत्यारं साधारण सगळीकडे असतात तीच किंमत. विळा, कात्री, खुरपं घ्यायचं असेल तर जरा जास्त पैसे घालून सान्जोच्या कारागिरांनी केलेलं घ्या, सगळ्यात स्वस्त आणि ते शेजारी शेजारी लटकवलेले असतात, हातात धरून बघा, फरक लगेच कळतो.

निगाता, तोयामा, आकिता या बाजूला कुणी नोकरीला किंवा शिकायला येत असेल त्यांना माझं सांगणं: पहिल्याच शनिवारी जवळचं कोमेरी शोधून ठेवा. मेथी-कोथिंबिरीच्या कुंड्या आणि माती तिथूनच घ्या, इथली जमीन चिकणमातीची आहे, थेट पेराल तर पाणी साचतं. रॉकेलचा १८ लिटरचा लाल कॅन आणि बर्फ ढकलायचं मोठं घमेलं, ज्याला इथे मामासान डंप म्हणतात, ते नोव्हेंबरमध्येच आणा, लोखंडी जड असतं पण गोठलेल्या बर्फात तेच चालतं, ताज्या भुसभुशीत बर्फाला प्लास्टिकचं पुरतं. तोकामाचीसारख्या भागात दोन मीटरच्या वर बर्फ साचतो, तिकडे राहायला जात असाल तर दोन्ही घ्या आणि छपरासाठी लांब दांड्याचं फावडंही.