पुढचा ऑक्सिजन सेन्सर स्वतः बदलला, मागचा मेकॅनिककडून: काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या पेट्रोल गाडीचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारे भाग, बदलून आता बरेच महिने झाले आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) अलीकडचा, म्हणजे इंजिनाजवळचा पुढचा सेन्सर मी स्वतः बदलला आणि पलीकडचा, म्हणजे मागचा मेकॅनिककडून बदलून घेतला, त्यामुळे दोन्ही मार्गांची तुलना एकाच गाडीवर करता आली.

चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा स्कॅनरने पी०१३५ हा कोड दाखवला. हा कोड पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा असतो. सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या आतच हीटर बसवलेला असतो. मात्र फ्यूज उडाला किंवा एक्झॉस्टच्या पाइपाला टेकून वायर वितळली, तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून मी आधी फ्यूज पाहिला, कनेक्टरपर्यंत १२ व्होल्ट पोहोचतात का ते तपासले आणि मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजला. हीटरची तार आतून तुटल्याचे त्यावरून स्पष्ट झाल्यावरच नवा सेन्सर मागवला. पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी असल्याचा कोड आला असता, तर मी याहून अधिक थांबलो असतो, कारण इनटेकमधून जास्तीची हवा शिरत असेल तर सेन्सर खरे तेच सांगत असतो आणि बदलला मात्र तोच जातो.

वायर कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर स्वस्त पडतो, तरी मी मूळ कनेक्टर असलेलाच घेतला. झिर्कोनिया या सिरॅमिकवर चालणाऱ्या अनेक सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरच्या आतून पोहोचते. सांधा डाखाने जोडला तर ती वाट बंद होऊ शकते. प्रत्यक्ष काम सोपे निघाले. इंजिन किंचित कोमट असताना, वायरसाठी खाच असलेल्या २२ मिमीच्या सॉकेटने जुना सेन्सर फारसा त्रास न देता सुटला. नव्याच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे अडकून बसू नयेत म्हणूनचा लेप) आधीच लावलेले होते. ते टोकाला लागू न देता आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकाच आवळून मी तो बसवला.

मागच्या सेन्सरच्या हीटरचा पी०१४१ हा कोड नंतर आला आणि तो सेन्सर गंजून घट्ट बसलेला होता. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेऊन आटे गॅसच्या ज्योतीने तापवले, सेन्सर काढला आणि टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे साफ केले. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली पडून हे करण्याची माझी तयारी नव्हती, शिवाय आटे बिघडले असते तर खर्च सेन्सरपुरता राहिला नसता. तक्रार एवढीच की, फ्यूज व वायर तपासण्याचा आग्रह मला धरावा लागला. नुसत्या कोडवरून भाग बदलायला तो केव्हाच तयार होता.

पुढचा सेन्सर बदलल्यावर जवळच्या फेऱ्यांमध्ये इंधनाची बचत जाणवली, कारण थंड इंजिन आता सेन्सरच्या संकेतानुसार इंधनाचे प्रमाण लवकर ठरवू लागते. लांबच्या प्रवासात फरक नगण्य आहे. मागच्याने मायलेजमध्ये काहीच बदल झाला नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती, कारण त्याचे मुख्य काम कन्व्हर्टरवर लक्ष ठेवण्याचे असते. स्कॅनरवर पुढच्याचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान झरझर हलते, मागच्याचे बऱ्यापैकी स्थिर राहते आणि दोन्ही कोड अद्याप परतलेले नाहीत. पुढच्या सेन्सरसाठी मी पुन्हा मजुरी देणार नाही. मागच्यासाठी मात्र तपासणी घरी उरकून गाडी गॅरेजमध्येच नेईन.