डार्क, डिम, मर्की, व्हेग: इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश घेण्याआधी त्याची ही परीक्षा घ्या

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ‘इंग्रजी सिनॉनिम्सचं पुस्तक द्या’ म्हटलं की काउंटरवरून हमखास उलटा प्रश्न येतो, ‘कुठल्या परीक्षेसाठी?’ प्रश्न रास्त आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) नोकरभरतीसारख्या परीक्षेत चार पर्यायांतून जवळच्या अर्थाचा शब्द निवडायचा असतो. तिथे ‘ऑब्स्क्योर’समोर ‘व्हेग, डार्क, अनक्लिअर’ एवढी यादी पाठ असली तरी भागतं आणि त्यासाठी खिशात मावणारं कुठलंही स्वस्त पुस्तक चालेल. पुढचं सगळं अशांनी वाचलं नाही तरी चालेल.

ज्यांना परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेचं, म्हणजे आयईएल्टीएसचं, लेखन करायचं आहे, भाषांतराची कामं घ्यायची आहेत किंवा इंग्रजीत करारमदार लिहायचे आहेत, त्यांचा मात्र याच याद्या घात करतात. आयईएल्टीएसच्या लेखनात चार निकषांपैकी एक पूर्ण निकष शब्दसंपत्तीचा असतो. नुसता भारी शब्द वापरला म्हणून तिथे गुण मिळत नाहीत, तो शेजारच्या शब्दाशी जुळतोय का हेही बघतात.

कोश पारखायला अंधार आणि अस्पष्टतेचा शब्दगट सगळ्यात चांगला. उजेड कमी असणं, समोरचं नीट न दिसणं आणि सांगितलेलं न कळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत मात्र तिन्हींसाठी बरेचदा तेच शब्द फिरतात आणि यादीवाली पुस्तकं त्यांची सरसकट भेळ करतात. म्हणून दुकानात उभ्या उभ्या ‘डार्क’ आणि ‘ऑब्स्क्योर’ ही दोन पानं उघडा. तिथे नुसते स्वल्पविराम आणि शब्द दिसले, तर पुस्तक परत ठेवा.

रोजेचा थिसॉरस

सगळ्यात जास्त खपणारं नाव हेच. मूळ ग्रंथ 1852 चा. पीटर मार्क रोजे यांनी शब्द वर्णानुक्रमे न लावता कल्पनांप्रमाणे लावले. 1911 च्या आवृत्तीचे हक्क संपलेले असल्यामुळे ती नेटवर फुकट वाचता येते. तीत 421 वर अंधार, 422 वर अंधुकपणा, 426 वर अपारदर्शकता आहे. 519 वर दुर्बोधता, 520 वर द्व्यर्थीपणा आणि 571 वर लेखनशैलीतली क्लिष्टता येते. ही मांडणी अजूनही दाद द्यावी अशी आहे: न दिसणं आणि न कळणं यांची घरंच वेगळी केली आहेत. पण एकदा घरात शिरलं की आत पुन्हा यादीच. कोणता शब्द कुठे चालत नाही, हे रोजे सांगत नाहीत. शब्द माहीत आहे पण आत्ता आठवत नाही, अशा माणसासाठी हे पुस्तक उत्तम. शब्द मुळातच माहीत नसेल तर यातून उचलू नये.

आणखी एक. रोजे हे नाव बरेच प्रकाशक वापरतात. कव्हरवर नाव दिसलं म्हणून आत तीच कल्पनावार रचना असेल असं नाही. कित्येक छोट्या आवृत्त्या साध्या एटूझेड याद्या असतात.

मेरियम-वेब्स्टरचा समानार्थी कोश

या परीक्षेत पहिला नंबर याचा. छापील कोशाची पहिली आवृत्ती 1942 ची. आजचं पुस्तक नऊशेहून जास्त पानांचं आहे आणि दुकानात ते बहुधा मागवावं लागतं. त्यातला मजकूर थोडक्यात हवा असेल, तर मेरियम-वेब्स्टरच्या फुकट संकेतस्थळावर ‘डार्क’ किंवा ‘ऑब्स्क्योर’ शोधा आणि व्याख्यांच्या खाली, योग्य समानार्थी शब्द निवडण्याबद्दलच्या परिच्छेदापर्यंत जा. जाहिराती आहेत, त्या सोसाव्या लागतात.

‘डार्क’च्या गटातली विभागणी अशी. डार्क म्हणजे उजेड नाही, किंवा नसल्यातच जमा. डिम म्हणजे उजेड आहे, पण वस्तू ठळक दिसाव्यात इतका नाही. डस्की म्हणजे दिवेलागण होऊन अंधार पडायच्या बेतात. मर्की म्हणजे हवेत धूर, धूळ, धुकं किंवा पाण्यात गाळ असल्यामुळे आलेली दाट अंधारी. ग्लूमी म्हणजे अपुरा आणि वर मन खट्टू करणारा उजेड.

हे आपल्याकडे लावून बघा. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जिन्यावर भरदुपारी जेवढा उजेड असतो तो डिम. त्याच जिन्यावर रात्री वीज गेली की डार्क. जुलैत चार-चार दिवस ऊन पडत नाही, तेव्हाचं कुंद आभाळ ग्लूमी. पावसाळ्यात मुठेला येतं ते पाणी मर्की. इथे कारणाकडे लक्ष द्या: मर्की म्हणायला मध्ये काहीतरी मिसळलेलं लागतं. स्वच्छ हवेच्या खोलीत दिवा बारीक असेल तर खोली मर्की होत नाही. आणि डिमला उजेडाचा काहीतरी उगम लागतो. म्हणून मिणमिणत्या दिव्याला डिम लाइट म्हणतात, डार्क लाइट म्हणत नाहीत.

‘डस्की’बद्दल कोश काय सांगतो त्यापलीकडे जपून राहा. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं आणि लग्नाच्या जाहिराती सावळ्या रंगासाठी हा शब्द सर्रास वापरतात. परदेशी वाचकाला तो खटकू शकतो, कारण वसाहतकाळातल्या लेखनात तो वंशावर बोट ठेवायला वापरला गेला आहे. परदेशी ग्राहकासाठीच्या मजकुरात तो टाळलेला बरा.

‘ऑब्स्क्योर’चा परिच्छेद तर याहून सरस आहे. त्यात ऑब्स्क्योर, डार्क, व्हेग, एनिग्मॅटिक, क्रिप्टिक, अँबिग्युअस आणि इक्विव्होकल असे सात शब्द वेगळे केले आहेत. मराठीत त्यातल्या बहुतेकांना सोयीचे जोडीदार आहेत आणि ते डोक्यात ठेवले की गोंधळ बराच कमी होतो. व्हेग म्हणजे मोघम: बोलणाऱ्यानेच नीट ठरवलेलं नाही. अँबिग्युअस म्हणजे द्व्यर्थी: दोन किंवा जास्त अर्थ निघतात आणि प्रत्येक अर्थ स्वतंत्रपणे स्पष्ट असू शकतो. क्रिप्टिकमध्ये अर्थ मुद्दाम दडवलेला असतो. ऑब्स्क्योर म्हणजे दुर्बोध, एकतर सांगणं तोकडं पडलंय किंवा पूर्ण माहिती दिलेली नाही. इक्विव्होकल म्हणजे थेट ‘नरो वा कुंजरो वा’: दोन अर्थ निघावेत आणि ऐकणाऱ्याने सोयीचा घ्यावा, असा बोलणाऱ्याचा डाव. हेतू नसेल तर ते वाक्य नुसतं अँबिग्युअस.

मोघम आणि द्व्यर्थी यांतला फरक कायद्याच्या कामात पैशांवर येतो. भारतीय करार कायदा, 1872 यातलं कलम 29 बघा: ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. कायद्यातच उदाहरणं दिली आहेत. पहिल्यात अ हा ब ला ‘शंभर टन तेल’ विकायचं कबूल करतो, पण कुठलं तेल ते कळायला काहीच मार्ग नाही. हे व्हेग. शेवटच्या उदाहरणात अ हा ब ला आपला पांढरा घोडा ‘पाचशे रुपयांना किंवा हजार रुपयांना’ विकायचं म्हणतो. घोडा ठरलेला, दोन्ही आकडे स्वच्छ, फक्त कुठला आकडा ते कळत नाही. हे अँबिग्युअस. दोन्ही करार बुडतात, पण दुरुस्तीचा मार्ग वेगळा: पहिल्यात तपशील भरावा लागतो, दुसऱ्यात एक पर्याय खोडावा लागतो. मसुदा तपासणाऱ्याने समासात ‘अनक्लिअर’ एवढंच लिहिलं, तर समोरच्याने भरायचं की खोडायचं हे त्याला कळत नाही.

आता या कोशाची उणी बाजू. भाषा जड आहे. बारावीच्या इंग्रजीवर आलेल्या मुलाला हे परिच्छेद दोनदा वाचावे लागतील. छापील पुस्तकात चर्चा एकाच मुख्य शब्दाखाली असते, बाकीच्या शब्दांपाशी फक्त यादी आणि त्यातल्या एका शब्दाला तारांकन. तारांकित शब्द म्हणजे ‘खरं पान तिकडे आहे’. ही खूण माहीत नसली की ‘मर्की’ काढून बघणाऱ्याला वाटतं, इथेही यादीच आहे. आणि कुठला शब्द कुठल्या नामाबरोबर बसतो हे हा कोश ओझरतं सांगतो. त्यासाठी दुसरं पुस्तक लागतंच.

ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश

ए. एस. हॉर्नबी यांचा, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा हा कोश ऑक्सफर्डने 1948 पासून चालवला आहे. पुण्यात घरोघरी असतो आणि बहुतेक घरांत नुसता स्पेलिंग बघायला वापरला जातो. याचा खरा उपयोग उदाहरणवाक्यांत आणि ‘फॉर्मल’, ‘डिसअप्रूव्हिंग’ अशा शेऱ्यांत आहे. नमुना म्हणून ‘पास्ट’ या एकाच शब्दाआधी चार विशेषणं लावून बघा. डिम पास्ट: फार मागे गेलेला, पुसट झालेला काळ. ऑब्स्क्योर पास्ट: ज्याची फारशी माहिती नाही असा. मर्की पास्ट: माहिती नाही आणि काहीतरी पाणी मुरतंय असा संशय आहे. डार्क पास्ट: वाईट काहीतरी घडून गेलंय. एखाद्याच्या परिचयात ‘ऑब्स्क्योर’ऐवजी यादीतून ‘मर्की’ उचललं, तर साध्या अप्रसिद्ध माणसावर विनाकारण किटाळ येतं. ‘मर्की’ला असलेली ही संशयाची छटा लर्नर्स कोश शेरा मारून सांगतो, मेरियमच्या ‘डार्क’ परिच्छेदात ती सापडत नाही.

मात्र शब्दांच्या गटांची सखोल फोड इथे नाही. काही शब्दांपाशी समानार्थी शब्दांच्या चौकटी आहेत, सगळ्यांपाशी नाहीत.

दोन्हीत न मिळणारं

तांत्रिक मजकूर आला की सर्वसाधारण कोश उघडे पडतात. फॉग आणि मिस्ट दोन्हींना आपण धुकं म्हणतो. लर्नर्स कोश मिस्ट फॉगपेक्षा विरळ एवढं सांगतो. हवामानखात्याच्या भाषेत रेघ आखलेली आहे: दृश्यता 1000 मीटरच्या खाली गेली तर फॉग, त्याहून जास्त असली तर मिस्ट. हेझमध्ये पाण्याचे थेंब नसून धूळ-धुराचे कोरडे कण असतात. सिंहगडावर पावसाळ्यात समोरचा बुरूज दिसेनासा होतो तेव्हा हेझ लिहिणं चूक, आणि हिवाळ्यात शहरावर धुरकट थर दिसतो त्याला डोळे झाकून मिस्ट म्हणणंही चूक.

तसंच पाण्याचं. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘मर्की’ कधीच येत नाही, तिथे ‘टर्बिडिटी’ (गढूळपणा) येते आणि ती एनटीयू या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, ती 1 एनटीयूपर्यंत असावी असं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालवून घेतात. भाषांतर करताना मोजलेली असेल तर टर्बिड, नुसती डोळ्यांना दिसलेली असेल तर मर्की किंवा क्लाउडी.

काय घ्यावं

विद्यार्थ्याने लर्नर्स कोश घ्यावा आणि मेरियमचं संकेतस्थळ फुकट वापरावं. लर्नर्स कोश शक्यतो नवीन आवृत्तीचा घ्या. भाषांतराच्या पैशांवर घर चालणाऱ्याने मेरियमचा छापील कोश जरूर मागवावा. तो जुना, वापरलेला मिळाला तरी हरकत नाही, कारण डिम आणि डार्क यांतला फरक पन्नास वर्षांत हललेला नाही. जुनी प्रत घेताना मधली पानं बघा: चोरट्या छपाईत बारीक टाइप भरून येतो, आणि या कोशात तारांकन दिसलं नाही की अर्धा कोश वाया.

मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजून हटलेला नाही. त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती 1857 ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर ती फुकट आहे. तिथे मराठी शब्द टाकून अर्थ बघण्यापेक्षा उलटा वापर जास्त कामाचा: शोध मुख्य शब्दापुरता न ठेवता संपूर्ण नोंदीत करायचा पर्याय निवडा आणि ‘डिम’ किंवा ‘ग्लूमी’ हे शब्द रोमन लिपीत टाका. ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो इंग्रजी शब्द आलाय, ते सगळे समोर येतात. त्यातले काही आज कुणी बोलत नाही, तेवढे गाळून घ्यावे लागतात.