वाचनात अडलेल्या मुलासाठी शिक्षकांचं प्रशिक्षण: पैसे कुठे वसूल, कुठे पाण्यात

फी साडेआठ हजार. दुपारचं जेवण त्यात, राहण्याची सोय आपली आपण. मी एका अनुदानित मराठी शाळेत चौथीला शिकवते आणि ही फी स्वतःच्या पगारातून भरली आहे, म्हणून हातचं काही न राखता लिहिते. संस्था पुण्यातली. नाव घालत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणसं मात्र मनापासून काम करणारी आहेत. असे वर्ग आता ठिकठिकाणी निघालेत आणि साच्यात फारसा फरक नसतो. तुमच्या जवळच्या वर्गालाही यातलं पुष्कळसं लागू पडेल.

आमच्या मुख्याध्यापकांनी पहिलं विचारलं ते, "हे प्रशिक्षण वरिष्ठ वेतनश्रेणीला धरतात का?" नाही धरत. त्यासाठी जाणार असाल तर इथेच थांबा.

विषय एकच. वाचनात मागे राहिलेल्या मुलाला एकट्याला समोर घेऊन रोज अर्धा तास कसं शिकवायचं. गटाने शिकवायचं कसं हे आपल्याला बक्कळ सांगून झालंय. २०२१ साली निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान आलं, तेव्हापासून शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दुसरा विषय निघत नाही. गरज नाही असंही नाही. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली पाचवीची जेमतेम ४४.८ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. पण गट पाडा, साहित्य पेटी उघडा, गाणी म्हणा, तरी दोन-तीन मुलं जागची हलत नाहीत. त्यांच्यासाठी हा वर्ग.

पहिला भाग व्याख्यानांचा, आणि तोच कच्चा आहे. अमेरिकेतल्या ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांची पद्धत (तो मेंदूविकारतज्ज्ञ, ती शिक्षिका, काळ १९३०च्या आसपासचा) आणि न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांचा 'रीडिंग रिकव्हरी' हा कार्यक्रम, अशा दोन परस्परांशी न पटणाऱ्या गोष्टी आम्हाला दिलेल्या एकाच फायलीत घातल्या आहेत. पहिली म्हणते, अक्षर आणि ध्वनी पायरीपायरीने पक्के करा, डोळा-कान-हात तिन्ही कामाला लावा. दुसरी म्हणते, पहिल्यापासून पुस्तकच वाचायला द्या. शब्द अडला तर चित्र बघ, अर्थ लाव, अंदाज कर. हा अंदाजाचा भाग आता जगभर वादात आहे. खुद्द न्यूझीलंड सरकारने त्या कार्यक्रमाचा पैसा थांबवून २०२५पासून अक्षर-ध्वनी क्रमवार शिकवण्याकडे मोर्चा वळवला. आमच्या फायलीत याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी विचारलं तर प्रशिक्षण देणाऱ्या ताई म्हणाल्या, "दोन्हीतलं चांगलं ते घ्यायचं." चांगलं कोणतं हे ठरवायलाच तर आम्ही फी भरली होती!

दुसरी अडचण मराठीची. साहित्य इंग्रजीवरून बेतलेलं आणि वर नुसती देवनागरी चिकटवलेली. लोहचुंबकाच्या ठोकळ्यांमध्ये 'क' वेगळा आणि ऱ्हस्व वेलांटी वेगळी. आता 'कि' करायला वेलांटी डावीकडे ठेवायची, उच्चारात मात्र ती नंतर. आधीच गोंधळलेलं पोर ठोकळे डावीकडून उजवीकडे वाचतं आणि 'इक' म्हणतं. त्यात त्याचं काय चुकलं? मी घरी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर बाराखडीची अख्खी अक्षरं लिहून घेतली, त्यावर काम भागतं.

अक्षरांचा क्रमही तसाच. आपल्या मुलांची फसगत कुठे होते हे पहिली-दुसरीच्या कोणत्याही बाईंना झोपेतून उठवून विचारा: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, 'ख' वाचायचा की 'रव'. मग 'र'ची चार सोंगं, क्रम, राष्ट्र, धर्म, दऱ्या. 'धर्म'मधला रफार लिहायचा म वर, म्हणायचा म च्या आधी. आणि मराठी लिहितो तशी वाचतो म्हणावं तर 'चाक' आणि 'चार' यांतला च एक नाही, तो कानानेच शिकावा लागतो. फायलीत जोडाक्षरांना एक पान आहे. एक!

रव्याच्या ताटात बोटाने अक्षर गिरवणं मोठा शोध असल्यासारखं दाखवलं. आपल्याकडे धूळपाटी होतीच की. तरी उपयोग होतो, माझी हरकत नाही. फक्त रव्याला मुंग्या लागतात, चाळलेली वाळू बरी.

आता साडेआठ हजार कुठे वसूल झाले ते सांगते. प्रात्यक्षिकात.

क्ले यांच्या कार्यक्रमात प्रशिक्षणार्थी शिक्षक एका मुलाला शिकवत असतो आणि एकतर्फी काचेमागून बाकीचे शिक्षक बघत, बोलत असतात. इथे काच कुठली. स्टँडवर मोबाईल आणि शेजारच्या खोलीत पडद्यावर ते चित्र. जवळच्याच शाळेतली मुलं पालकांना विचारून आणलेली. माझ्या वाट्याला तिसरीतला एक मुलगा आला. बोलायला चुणचुणीत, पुस्तक उघडलं की खांदे आत.

आम्हाला नोंद ठेवायला शिकवली होती, तीही क्ले यांचीच. मूल वाचत असताना बरोबर शब्दाला बरोबरची खूण, चुकीच्या शब्दावर त्याने जे म्हटलं ते जसंच्या तसं, आणि त्याने आपणहून सुधारलं तर त्याची वेगळी खूण, ती चूक धरायची नाही. मुलगा वाचत होता. पुस्तकात होतं, 'आजीने पिशवीतून पेरू काढला.' तो म्हणाला, "आजीने पिशवीतून पैसे..." माझं बोट उचललं गेलं होतं. पण मध्ये बोलायचं नाही असं बजावलेलं, म्हणून पेन्सिल घट्ट धरून बसले. तो पुढे म्हणाला "काढला" आणि थबकला. "पैसे काढला?" स्वतःशीच. मग मागे गेला, 'पे'वर बोट ठेवलं, एकच मात्रा आहे हे बघितलं, पुढचं अक्षर बघितलं आणि म्हणाला, "पेरू."

पडद्यासमोर यावरून नंतर चांगलीच जुंपली. एक सर म्हणाले, बघा, अर्थाने वाचलं. मी म्हटलं, चूक झाली हे त्याला क्रियापदाने सांगितलं, पण पेरू सापडला तो अक्षरात. चित्रात नुसती आजी आणि पिशवी होती, त्यावरून पेरू कसा कळणार? ताईंनी व्हिडिओ मागे नेऊन त्याचं बोट दाखवलं. हा अर्धा तास माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत कुणी दिला नव्हता. आपलं शिकवणं दुसऱ्याने असं जवळून बघणं म्हणजे आपल्याकडे तपासणी. इथे कुणी शेरा मारत नव्हतं, मुलाने काय केलं यावरच बोलणं चालायचं.

नोंदीतून टक्केवारी काढतात. शंभर शब्दांत पंचाण्णव किंवा जास्त बरोबर तर पुस्तक सोपं, नव्वद ते चौऱ्याण्णव म्हणजे शिकवायला योग्य, त्याखाली अवघड. हे आकडे इंग्रजीवरचे. मराठीत 'विहिरीजवळच्या' हा एकच शब्द, त्यात विहीरही आली, जवळही आलं. एवढ्या लांब शब्दात एक वेलांटी चुकली तरी अख्खा शब्द गेला. म्हणून मी आकडा बाजूला ठेवून चुकांची यादीच वाचते. एका मुलीच्या बहुतेक चुका शब्दाच्या शेपटाला होत्या, 'घरात'चं 'घरी', 'झाडावर'चं 'झाडाला'. तिला अक्षरं येत होती, शेवटापर्यंत नजर जात नव्हती. ही गोष्ट टक्क्यांत दिसली नसती.

एका बाबतीत संस्थेला पूर्ण गुण. डिस्लेक्सियाचा (म्हणजे वाचन शिकण्यातल्या मुळातल्या अक्षमतेचा) शिक्का शिक्षकाने मारायचा नाही, हे त्यांनी पुनःपुन्हा सांगितलं. त्यासाठी तपासणी असते; मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे, त्यामुळे पालकांना योग्य दारात पाठवणं हे आपलं काम.

वेळेचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. चाळीस मुलांच्या वर्गात रोज अर्धा तास एकाला द्यायचा, तेव्हा एकोणचाळीस काय करतात? त्यात मतदार याद्यांचं काम आलं की आपणच वर्गात नसतो. मी वाचनालयाचा तास आणि परिपाठाआधीची वीस मिनिटं यांवर भागवते. एका वेळी एकच मूल घेते, आणि आठवड्यात तीन-चार दिवस झाले तरी खूप. नंतरच्या मार्गदर्शनासाठी केलेल्या व्हॉट्सअॅप गटावर आता शुभ सकाळ आणि वाढदिवस एवढंच उरलंय.

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी आणि घरी शिकवण्या घेणाऱ्यांनी जरूर जावं. शिकवण्या घेणाऱ्यांकडे निदान वेळ तरी असतो. फक्त प्रशिक्षण घेतल्याचा कागद हवा असेल त्यांनी जाऊ नये, बिचाऱ्या मुलांचा वेळ जातो. पैसे भरण्याआधी फोन करून एकच विचारा: प्रात्यक्षिकाला प्रत्येकाला स्वतःचं मूल मिळणार का, की तिघांत एक? दिवाळीच्या सुट्टीतल्या बॅचला शाळा बंद असल्यामुळे मुलंच मिळाली नव्हती आणि त्यांनी एकमेकांनाच शिकवलं, असं आमच्यातल्या एका बाई सांगत होत्या. तसं असेल तर जानेवारीची बॅच बघा.